लाइन हाये, होल्टेज नाही

मे महिन्यात दुसरबीडमध्ये कुणी परक्या माणसानं थंड हवेचं ठिकाण विचारलं, तर त्याला एटीएमचा रस्ता दाखवतात. खात्यात पैसे असोत-नसोत, दुपारी बारा ते चार त्या काचेच्या खोलीत दोन-तीन माणसं यंत्राकडे पाठ करून उभी असतात आणि सोयाबीनच्या भावावर बोलत असतात. मुंबई-नागपूर जुन्या हायवेवरचं आमचं गाव. एका अंगाला सिंदखेडराजा, दुसऱ्या अंगाला मेहकर, मधे शेती. जमीन थोडी वरखाली होते, पण चढ म्हणून नाव घ्यावं एवढं कर्तृत्व तिनं दाखवलेलं नाही. गावात उंच म्हणाल तर पाण्याची टाकी, मोबाईलचा टॉवर आणि बियाण्याच्या बॅगेची किंमत.

अशा गावातून चार माणसं हिमालयात ट्रेकला जाणार, ही बातमी एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात पोचली आणि भज्यांचा घाणा कढईतून उतरायच्या आत गावभर झाली. चौघांतले एक आमचे भूगोलाचे सर. ही सगळी उठाठेव त्यांचीच. दुसरा बँकेतला तरुण कॅशियर, ज्याला घरचे मुली दाखवत होते आणि जो त्यापासून कुठंही पळायला तयार होता. तिसरे कृषी केंद्रवाले काका. काकांचं वय पन्नाशीच्या पुढं आणि पोट त्याच्याही पुढं. पण मे महिन्यात कृषी केंद्रात मालक आणि माशा यांच्याशिवाय कुणी नसतं, गर्दी सुरू होते ती जूनच्या तोंडावर. चौथा मी. माझं काम सामान मोजणं आणि पुढं कधीतरी हे लिहिणं.

ठिकाण ठरलं होतं सर पास. हिमाचल प्रदेशात कुल्लू जिल्ह्यात पार्वती नदीचं खोरं आहे, त्यातल्या कसोलपासून ही वाट वर चढते. उंची 13,800 फूट, म्हणजे 4,200 मीटर. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनचे कॅम्प तिथं उन्हाळ्यात लागतात आणि दर बॅचमध्ये निम्मी मराठी माणसं निघतात.

हॉटेलवाल्या भाऊंनी सरांसमोर चहा ठेवला आणि विचारलं, "कोणता देव हाये तिथं?"

"देव नाही. खिंड आहे."

"मंग खिंडीच्या पलीकडं काय हाये?"

"पलीकडं उतार."

"म्हणजे वर चढायचं आणि खाली उतरायचं."

"हो."

"आणि पैसे कोण देते?"

"आपणच भरायचे."

भाऊ बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी सरांच्या चहाचे पैसे घेतले नाहीत.

आमच्याकडच्या माणसाला चालण्याचं अप्रूप नाही असा याचा अर्थ नाही. शेगावची पालखी पंढरपूरहून परतताना जालन्याकडून येऊन सिंदखेडराजात विदर्भात शिरते, तेव्हा महिना-दीड महिना चाललेले पाय आमच्या डोळ्यांसमोरून जातात. त्या पायांना कुणी विचारत नाही की बूट कोणत्या कंपनीचे. गावातली निम्मी माणसं कधी ना कधी पायी शेगावला गेलेली आहेत. अडचण एवढीच की त्या चालण्याच्या शेवटी कुणीतरी भेटतं. सरांच्या चालण्याच्या शेवटी सर्टिफिकेट मिळणार होतं. भाऊंनी नंतर त्याचीही चौकशी केली होती: लॅमिनेशन करून देतात की आपल्याला करावं लागते?

खरं तर ट्रेक आमच्याकडे आला तो पुण्यात नोकरीला गेलेल्या पोरांच्या मोबाईलमधून. ही पोरं गावात होती तेव्हा आईनं दुकानातून साखर आणायला सांगितली तर मोटारसायकलला किक मारायची. पुण्यात गेल्यावर त्यांना शनिवारी पहाटे चार वाजता गड चढायची सवय लागली. त्यातल्या एकानं ऐन पावसाळ्यात कळसूबाईवरून आईला व्हिडिओ कॉल केला होता. कळसूबाई महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, 1,646 मीटर. शेवटच्या टप्प्यात लोखंडी शिड्या आहेत आणि सुट्टीच्या दिवशी त्या शिड्यांवर रांग लागते. आईनं मागची गर्दी बघितली आणि विचारलं, "कशाचा सप्ताह हाय रे तिथं? पंगत झाली का?"

डोंगराशी दुसरबीडचं काही नातंच नाही, असं मात्र सर कुणाला म्हणू देत नाहीत. सिंदखेडराजा आमचा तालुका, जिजाऊंचं माहेर. 12 जानेवारी 1598 ला त्या इथल्या सपाटीवर जन्मल्या आणि 1674 मध्ये रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला त्यांनी देह ठेवला. मधलं बरंचसं आयुष्य डोंगरांच्या सोबतीनं. सह्याद्रीतले गड पुणे-साताऱ्याकडच्यांच्या वाट्याला गेले असतील, पण त्या गडांच्या धन्याचं आजोळ आमच्याकडे आहे. पुण्याच्या पोरांना सर हे ऐकवतात तेव्हा ती मान डोलावतात आणि विचारतात, "सर, मग तुम्ही रायगड कधी चढलात?" सर चष्मा पुसतात.

उंचीची तयारी करायची तर उंची हवी. विदर्भातली नाव घेण्याजोगी उंची म्हणजे चिखलदरा, 1,118 मीटर, आणि ते अमरावती जिल्ह्यात. बुलढाणा जिल्ह्यातलं जगप्रसिद्ध ठिकाण लोणार, आणि तो खड्डा आहे. कधीकाळी उल्का आदळली आणि काळ्या कातळात सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर पडलं. काठापासून तळ्याचं पाणी जवळजवळ 137 मीटर खाली. इतर जिल्ह्यांना निसर्गानं जे वर दिलं ते आम्हाला खाली दिलं, आणि तेही अवकाशातून मागवून. त्यामुळे आमच्या सरावाला एक वेगळेपण आलं. जगभरचे ट्रेकर आधी दमतात आणि मग निवांत उतरतात. लोणारात सकाळी ताजेतवाने असताना उतरायचं, कमळजा देवीचं दर्शन घ्यायचं, आणि ऊन डोक्यावर आलं, पाणी संपलं, पाय बोलायला लागले की चढायचं.

पाठीवर वजन हवं म्हणून काकांनी दुकानातून सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशव्या आणल्या होत्या, माणशी दहा किलो. लोणारचं विवर अभयारण्यात मोडतं. वाटेवर एका चौकीदारानं आम्हाला थांबवलं.

"पिशवीत काय आहे?"

"सोयाबीन."

"खाली कुणाला द्यायचं आहे?"

"कुणाला नाही. वापस आणायचं आहे."

त्यानं पिशवी उघडली, दाणे हातावर घेतले, एक दाताखाली फोडून पाहिला. गुन्हा कोणता ते त्याला सापडेना, आणि गुन्हा नसेल यावर विश्वास बसेना. शेवटी त्यानं आमची नावं लिहून घेतली आणि परत येताना पिशव्या दाखवून जायला सांगितलं. पिशव्या तेवढ्याच भरल्या आहेत हे संध्याकाळी पाहिल्यावर तो जास्तच अस्वस्थ झाला.

लोणार रोज जमेना, म्हणून सरांनी सुट्टी लागल्यावर शाळेचा जिना धरला. दोन मजली इमारत. सर पाठीवर ओझं घेऊन वर जात, खाली येत, पुन्हा वर जात. शिपायानं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी काळजीनं म्हणाला, "सर, काय हरपलं ते सांगा तं खरं. मी पण पाहतो."

खरेदीचा प्रसंग सिंदखेडराजाच्या बाजारातला. बाहेर पारा 44 च्या आसपास, दुकानात कूलर चालू, मालक बनियनवर. काकांनी माकडटोपी मागितली. मालकानं आधी काकांकडे पाहिलं, मग आमच्याकडे. यांना ऊन लागलं का, हे त्याला आमच्याकडून ऐकायचं होतं. "लोकरीची?" त्यानं हळू आवाजात विचारलं. "लोकरीची. आणि हातमोजे, दोन जोड. आणि आतून घालायचं गरम असते ते." मालकानं पोराला सांगून काकांना पाणी पाजलं. माळ्यावर चढून त्या पोरानं गेल्या थंडीतलं पोतं खाली ओढलं, डांबराच्या गोळ्यांचा वास सगळ्या दुकानात भरला. काकांनी टोपी तिथंच घालून आरशात पाहिली. साडी घ्यायला आलेल्या दोन बाया त्यांच्याकडे बघत बघत दुकानाबाहेर गेल्या. टोपीला मात्र त्या दिवसाच्या मानानं चांगली सूट मिळाली.

मग डॉक्टरचं सर्टिफिकेट. आमच्याकडे डॉक्टरकडे माणूस जातो तो काहीतरी दुखल्यावर, आणि तेही आधी मेडिकलवाल्याला विचारून झाल्यावर. काही दुखत नाही हे लिहून घ्यायला आलेला पेशंट डॉक्टरांनी पाहिला नव्हता. त्यांनी काकांचं बीपी मोजलं, वजन केलं, पोटावर दोन बोटं मारून पाहिली आणि विचारलं, "काका, जाण्यामागं घरगुती कारण काही?"

काकांच्या मनातलीही धाकधूक सरांनी एका हुकमी उदाहरणानं घालवायचा प्रयत्न केला. 2018 च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांतली आदिवासी मुलं एव्हरेस्ट चढून आली. चंद्रपूर म्हणजे उन्हाळ्यात पारा 47 पर्यंत जाणारं गाव. तिथली पोरं जगाच्या माथ्यावर जातात, मग आपल्याला काय धाड भरली? काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मे महिना होता ना?" ते म्हणाले. "मंग बरोबर हाये. मे महिन्यात चंद्रपुरातून माणूस कुठंबी जाईल."

जालन्याहून सचखंड एक्स्प्रेस धरली. नांदेडहून अमृतसरला जाणारी ही गाडी आमच्या भागाची हिमालयाकडे उघडणारी खिडकी आहे. वाटेतल्या काही स्टेशनांवर शीख सेवेकरी प्रवाशांना लंगर वाढतात. नवखा प्रवासी तेव्हा हात पुढं करतो आणि डाळ बोटांतून गळते. जाणता प्रवासी घरून ताटली-वाटी घेऊन निघतो. काकांकडे ताटली होती, वाटी होती, झाकणाचा डबाही होता. त्याशिवाय घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिळाचे लाडू आणि एका बरणीत ठेचा. कॅशियरनं इंटरनेटवरची सामानाची यादी वाचून प्रोटीनच्या वड्या आणल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दशमी खाताना दिसला.

अंबाल्याला उतरून पुढं बसनं चंदीगड, भुंतर, कसोल. भुंतरला पार्वती बियासला मिळते. कसोलमध्ये इस्रायली पर्यटक इतके येतात की हॉटेलांच्या पाट्यांवर हिब्रू अक्षरं आहेत. पोहे विचारल्यावर काकांना जे मिळालं त्याचं वर्णन त्यांनी "इमानदारीनं केलेलं, पण चुकलेलं थालीपीठ" असं केलं. जवळच मणिकर्णला गरम पाण्याचे झरे आहेत. कापडात बांधलेला तांदूळ त्यात सोडला की शिजून वर येतो. लोक हात जोडून बघत होते. काकांनी बोट लावून पाहिलं. "आपल्या गच्चीवरच्या टाकीत वरण शिजते," ते म्हणाले, "कोणी दर्शनाले येत नाही."

बेस कॅम्पची शिस्त शाळेची होती, त्यामुळे सर खुलले. पहाटे शिट्टी, चहा, व्यायाम, रांग, हजेरी. स्वतःचं ताट स्वतः घासायचं. रात्री कॅम्प फायर, ज्यात फायर नसते: लाकूड जाळायचं नाही म्हणून मधोमध दिवे लावतात आणि भोवती बसून माणसं हात शेकल्याचा अभिनय करतात. मला हे फार आवडलं. डोंगरावर येऊन डोंगराचीच झाडं जाळायची आणि वर निसर्गावर गाणी म्हणायची, यापेक्षा दिवा बरा. गुजराती मंडळींनी थेपले काढले, बंगाली मंडळींनी माकडटोप्या. आपली टोपी पहिल्यांदाच योग्य समाजात आल्याचं समाधान काकांच्या चेहऱ्यावर होतं.

आमच्या बॅचमध्ये पुण्याचा एक ग्रुप होता. पिळदार पोरं, मनगटावर घड्याळं. ती घड्याळं नाडी सांगत, रक्तातला ऑक्सिजन सांगत, झोप किती गाढ लागली तेही सांगत. काकांना त्यातलं एकच कळलं नाही: झोप गाढ लागली होती हे कळायला घड्याळ कशाला लागतं? पहिल्या दिवशी ही पोरं वाऱ्यावर स्वार होऊन पुढं गेली. काका सगळ्यात मागं. काका आयुष्यात एकदाच धावले आहेत, अक्षता पडायला आल्या होत्या म्हणून, आणि तेही दुसऱ्याच्या लग्नात.

ग्रहण गाव मागं पडलं, देवदारांचं जंगल मागं पडलं, झाडं खुजी होत होत संपली आणि बर्फ लागला. इथून पुढं हिमालयाचं एक न्यारंच गणित सुरू होतं. वर गेलं की ऑक्सिजन कमी होतो असं आपण म्हणतो. हवेत त्याचा वाटा तेवढाच राहतो, 21 टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. सर पासच्या उंचीवर तो समुद्रकाठच्या साठ टक्क्यांच्या आसपास येतो. प्रत्येक श्वासात हवाच कमी येते, त्यामुळे छाती भरल्यासारखी वाटते पण काम भागत नाही. सरांनी हे खडू नसतानाही फळ्यावर लिहिल्याच्या आवेशात समजावलं. दाब, रेणू, टक्केवारी. कॅशियर मान हलवत होता, म्हणजे त्याला कळलं नव्हतं. काका दगडावर बसले होते.

"सोपं हाये," काका म्हणाले. "लाइन हाये, होल्टेज नाही."

ज्यानं उन्हाळ्यात विहिरीवर मोटार चालवली आहे त्याला याहून जास्त सांगावं लागत नाही. होल्टेज पडलं की मोटार गुरगुरते पण पाणी उचलत नाही. अडाणी माणूस अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबतो आणि मोटार जाळतो. शहाणा स्टार्टर बंद करतो, बांधावर बसतो, तंबाखू मळतो. उंचीवरच्या वैद्यकाचं म्हणणंही हेच आहे, फक्त त्यात तंबाखू नाही. 3,000 मीटरच्या वर गेलं की रात्री झोपायची जागा दिवसाला साधारण 500 मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, मधे मुक्काम वाढवावा, पाणी प्यावं, दमानं घ्यावं. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही उंची बाधल्याची पहिली लक्षणं. ती वाढत गेली तर औषधाच्या आधी पाय वळवायचे ते खाली. आणि शरीर कमावलेलं असलं म्हणून उंची माफ करत नाही. उलट दमदार माणूस भराभर चढतो आणि तिच्या तावडीत लवकर सापडतो.

तसंच झालं. पुण्याच्या पोरांतला सगळ्यात पुढचा जो होता तो दुपारी तंबूत डोकं धरून पडला. घड्याळ त्याला सगळं सांगत होतं, बस म्हणून मात्र सांगत नव्हतं. काका दोन तासांनी पोचले, चहाला वेळेवर. गाइड दिवसभर सगळ्यांना "आराम से, आराम से" म्हणून ओरडत होता. काकांना त्याचं नवल वाटलं. "मले हे सांगायले एवढ्या दूर कामून बोलावलं?" ते म्हणाले.

माझं तेव्हापासून ठाम मत झालं आहे की हिमालयासाठी आमच्या भागाचा माणूस जन्मतःच तयार असतो. एसटीची वाट पाहत, लाइनची वाट पाहत, पावसाची वाट पाहत त्याची छाती नाही, पण स्वभाव या उंचीला आलेला असतो. फिटनेसच्या जाहिरातीत हे कुणी लिहीत नाही, कारण याचा टी-शर्ट विकता येत नाही.

नगारूचा तळ बारा हजार फुटांच्या वर. तिथं रात्र होत नाही, रात्र अंगावर येते. तंबूचं कापड वाऱ्यानं सारखं फडफडत होतं. बाटलीतलं पाणी घट्ट झालं म्हणून काकांनी ती झोपण्याच्या पिशवीत घेतली. अंधार असतानाच उठवतात, कारण ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो आणि पाय मांडीपर्यंत आत जातो. पहाटेचा बर्फ टणक असतो. गाइड बुटाच्या टाचेनं त्यात पायरी पाडतो आणि मागच्यानं त्याच पायरीत पाय ठेवायचा. पुढच्याच्या बुटाकडे बघत, एकही शब्द न बोलता दुसरबीडची चार माणसं इतका वेळ चालली, हा आमच्या गावाच्या इतिहासातला पहिला प्रसंग. सरसुद्धा गप्प होते.

वर पोचल्यावर समोर शिखरांची रांग उजळत होती. कॅशियरनं मोबाईल काढला, बॅटरी थंडीनं मेली होती. काकांनी आतल्या खिशातून ठेच्याची बरणी काढली, कारण इथंवर आणून तशीच परत नेली असती तर घरी विचारणा झाली असती. गाइडनं बोटभर चाखला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाक मोकळं झालं आणि तो हिंदीत जे म्हणाला त्याचा अर्थ असा की पुढच्या बॅचला औषधाच्या पेटीत हे ठेवायला हवं.

पलीकडचा उतार बिस्केरीच्या बाजूचा. तिथं चालत उतरायचं नसतं. बर्फावर बूड टेकायचं, पाय वर उचलायचे आणि गाइडनं ढकललं की सुटायचं. चढायला जे काही तास लागले त्याची वसुली काही मिनिटांत. इथं मात्र काका सगळ्यांच्या पुढं निघाले. पोटाचा उपयोग हिमालयातही होतो हे आम्ही प्रत्यक्ष पाहिलं. खाली थांबल्यावर त्यांनी टोपीतला बर्फ झटकला आणि फक्त एवढं विचारलं, "मंग डायरेक्ट इथूनच का नाही आणलं?"

गावात परतलो तर स्टँडसमोर फ्लेक्स लागला होता: "सर पास सर केल्याबद्दल सरांचे हार्दिक अभिनंदन". खाली आम्हा चौघांचे पासपोर्ट आकाराचे फोटो, आणि त्यांच्या चौपट आकाराचे सोळा शुभेच्छुक. मागं जो बर्फाचा डोंगर छापला होता तो आल्प्समधला असावा, कारण पायथ्याशी रेल्वे दिसत होती. कॅशियरचं लग्न महिन्याभरात ठरलं. मुलीकडच्यांना त्याच्या पगारापेक्षा तो फ्लेक्स पसंत पडला असं ऐकतो.

सरांना आता थांबवणं अवघड आहे. शाळेच्या स्टाफरूममध्ये नकाशा आलाय. हम्प्ता पास करायचा, 4,270 मीटर, इकडून हिरवं कुल्लू आणि तिकडून उघडं-बोडकं लाहौल. रूपकुंड मनात होतं, पण उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं 2018 मध्ये तिथल्या बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, मुक्कामाला बंदी घातली. माणसांच्या तंबूंखाली ते गवत मरत होतं, त्यामुळे सरांनीही त्यावर काट मारली. एव्हरेस्टच्या बेस कॅम्पवर, 5,364 मीटरवर, पेन्सिलनं बारीक टिंब आहे. पत्नीला दिसू नये इतकं बारीक. काकांना मात्र एकच जागा आवडली आहे, पश्चिम बंगालमधलं संदकफू. 3,636 मीटर उंची, समोर कांचनजंगा, हवा स्वच्छ असली तर एव्हरेस्ट, ल्होत्से आणि मकालू सगळे एका नजरेत. माणसं दिवसच्या दिवस चालून तिथं पोचतात. आणि वर पोचल्यावर त्यांना दिसतं की माथ्यापर्यंत लँड रोव्हर जीप येते, आणि जीपमधून उतरलेलं कुटुंब आधीच चहा पीत बसलेलं आहे. काकांना त्या जीपचा फोन नंबर हवा आहे.

पासबद्दल काका हॉटेलात फारसं बोलत नाहीत. बर्फ होता, पांढरा होता, थंड होता, संपलं. ते सांगतात ते ग्रहणमधल्या आजीबद्दल. लाकडी घरांचं ते छोटं गाव, कसोलहून चढत गेलं की पहिल्या मुक्कामाचं. तिथं दारू-बिडीला बंदी आहे, देवतेचा हुकूम. म्हणजे देव तिथंही होता. खिंडीत नसला तरी अलीकडच्या गावात होता, आणि हे कळल्यावर हॉटेलवाल्या भाऊंचा जीव भांड्यात पडला.

आम्ही गावाच्या वरच्या अंगाला दगडी पायऱ्यांवर धापा टाकत बसलो होतो. पाठीवर गवताचा भारा घेऊन आजी आली, आम्हाला वाट नाही म्हणून थांबली. काका सरकले. तिनं गाइडमार्फत विचारलं, गावाकडं काय पिकतं? काकांनी सांगितलं, सोयाबीन, तूर, कापूस. डोंगर आहे का? नाही. मग शेत कुठं आहे? सपाटीवर. किती सपाट? काकांनी हात आडवा धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला. आजीनं भारा खाली टेकवला. एका बांधावरून दुसरा बांध दिसतो का, तिनं विचारलं. दिसतो. बैल खाली पडत नाही? नाही पडत, माय. आजी त्या आडव्या हाताकडे बघत राहिली.

मग ती गाइडला काहीतरी म्हणाली आणि दोघंही हसायला लागली. आम्ही ज्या पायऱ्यांवर दम खात बसलो होतो त्या तिनं आणि गावातल्या बायांनी मनरेगाच्या कामावर रचल्या होत्या. काका ताडकन उठले. रोजगार हमी आमच्याकडे 1972 च्या दुष्काळापासूनची. त्यांच्या आईवडिलांनी त्याच कामावर खडी फोडलेली. त्यांनी एका पायरीचा दगड हलवून पाहिला, हलला नाही. "रोज किती पडला?" त्यांनी विचारलं. आजीनं आकडा सांगितला. काकांनी आमच्याकडचा सांगितला. आमचा जास्त निघाला.

आजीनं गाइडकडून तो आकडा दोनदा ऐकून घेतला, भारा पुन्हा पाठीवर चढवला आणि विचारलं, त्या सपाट गावाला जायचं तर गाडी कुठून मिळते?

"अंबाल्याहून सचखंड," काका म्हणाले. "जालन्याले उतरायचं. आणि ताटली घेऊन ये म्हणा."